अंगणातील दोन वृक्ष : सफरचंद आणि देवदार



समजा, हिमालयाच्या उतारावर आपले एक लहानसे घर आहे. उंची समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या आसपास. घरापुढे अंगण आहे आणि त्यात एकाच झाडापुरती जागा आहे. आपण काय लावाल? सफरचंद की देवदार?

बहुतेकांचे उत्तर चटकन येईल : सफरचंद! चैत्रात पांढरा-गुलाबी बहर, श्रावण-भाद्रपदात लाल फळे. देवापुढे ठेवायला झाली, शेजाऱ्यांना वाटायला झाली, मुलांच्या हातात द्यायला झाली. देवदाराला नजरेत भरेल असे फूल नाही, तोंडात घालावे असे फळ नाही. बारा महिने तोच हिरवा रंग, तीच सुईसारखी पाने. आज लावला तर बी धरायलाच त्याला पंचवीस-तीस वर्षे लागतात. अशा झाडासाठी घरापुढची जागा कोण अडवील?

बागेपुरते पाहिले तर या प्रश्नाचे उत्तर अवघड नाही आणि ते आपण पुढे पाहूच. पण हाच प्रश्न आपण माणसांना, आणि त्याहून अधिक स्वतःला, नकळत विचारत असतो. तेथे मात्र चटकन दिलेले उत्तर फार दुःख देते.

एक भगिनी आहेत. पूर्वी केंद्रावर नियमाने येत. भजनाला बसत, बालसंस्कार वर्ग घेत. गेली काही वर्षे पती अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. त्यांना कुशीवर वळवणे, भरवणे, औषधे, रात्रीचे जागरण, यांतच दिवस संपतो. सत्संगाला येणे नाही, शिबिर नाही. पहाटे वीस मिनिटे डोळे मिटून बसतात, तेवढेच. त्यांनी विचारले, “एवढ्या वर्षांच्या साधनेचं मला फळ काय मिळालं? पूर्वी डोळे मिटले की आनंद व्हायचा, आता काहीच होत नाही. बरोबरच्या ताई आता प्रवचन करतात, नवीन केंद्र उघडतात. माझं झाड मात्र वाळलं.”

हे शब्द त्यांचे असले तरी व्यथा अनेकांची आहे. त्यांना ‘फळाची आशा धरू नका’ असे एका वाक्यात सांगून मोकळे होणे सोपे आहे. तसे सांगणाऱ्याला बहुधा त्या घरात एक रात्र काढावी लागलेली नसते. म्हणून आपण जरा सावकाश, झाडांकडून शिकू.

वाळलेले दिसते ते

सफरचंदाचे झाड डिसेंबरात पाहिले आहे का? एकही पान नसते. नुसत्या करड्या फांद्या. माहिती नसलेला माणूस म्हणेल, सरपणाला न्या. पण बागवान निर्धास्त असतो, इतकेच नव्हे, तो आणखी थंडी पडो म्हणून आकाशाकडे पाहत असतो. कारण डेलिशियस जातीच्या सफरचंदाला सात अंशांखालील थंडीचे साधारण हजार तास तरी मिळावे लागतात. ते मिळाले नाहीत तर वसंतात कळ्या नीट फुटत नाहीत, बहर विरळ आणि मागेपुढे येतो, फळ धरत नाही. ऊब मिळाली म्हणून झाड फुलते असे आपल्याला वाटते. ते खरे आहे, पण अर्धेच. आधी थंडीचे तास भरावे लागतात, मगच ऊब कामी येते. बर्फाचा हिवाळा चुकला की बागवानाच्या कपाळावर आठ्या पडतात.

महाराष्ट्रातील साधकांनी बर्फ पाहिला नसेल, पण ‘ताण देणे’ हा शब्द त्यांना माहीत आहे. विदर्भात संत्र्याचा बहर धरायचा असला की शेतकरी झाडाचे पाणी तोडतो. हलक्या जमिनीत थोडे दिवस, भारी काळ्या जमिनीत अधिक दिवस. पाने मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळतात. पाहणाऱ्याला निर्दयपणा वाटतो. मग योग्य वेळी पाणी सोडले जाते आणि झाड फुलांनी लगडते. ज्याने पाणी तोडले त्याचेच लक्ष त्या झाडावर सर्वांत जास्त असते, हे ध्यानात घ्या. तो रोज बागेत येऊन पाने पाहतो. किती ताण पुरे आणि कोठे थांबायचे, हे त्याला ठाऊक असते.

साधनेत आनंद आटतो, नाम घेताना जीभ फिरते पण मन कोरडे राहते, तो काळ असाच असू शकतो. पूर्वी जो आनंद मिळत होता तो आपण कमावलेला नव्हता, पावसासारखा वरून पडत होता. आता तो थांबला आहे आणि आपण तरीही पहाटे उठून बसत आहोत. आनंदासाठी बसणे वेगळे आणि आनंद नसताना बसणे वेगळे. दुसऱ्यात बसणारा कोणासाठी बसतो, याचा विचार करा. उमेने शिवासाठी तप केले तेव्हा शेवटी तिने गळून पडलेली पानेही खाण्याचे सोडले, म्हणून तिला अपर्णा म्हणतात, असे कालिदासाने ‘कुमारसंभवा’त सांगितले आहे. अपर्णा म्हणजे जिच्याजवळ पानही नाही ती. डिसेंबरातील सफरचंदाचे झाड पाहिले की हे नाव आठवल्याशिवाय राहत नाही.

मात्र येथे एक सावधगिरी हवी, आणि अध्यात्मावर बोलणारे ती अनेकदा विसरतात. प्रत्येक पानगळ ही हिवाळ्याची पानगळ नसते. सफरचंदाची पाने कार्तिक-मार्गशीर्षात गळली तर ते झाडाचे स्वास्थ्य आहे. तीच पाने भर पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, डाग पडून गळू लागली तर तो रोग आहे. हिमाचलातील बागायतदारांना या अकाली पानगळीने गेल्या काही दशकांत फार सतावले आहे. तेथे ‘सोसू द्या, बहर येईल’ असे म्हणत बसणारा बागवान झाड गमावतो. त्याला औषध फवारावे लागते. तसेच, मनाचा कोरडेपणा आठवडेच्या आठवडे टिकला, झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, जगणे नको वाटू लागले, तर ती साधनेची अवस्था आहे असे समजू नका. डॉक्टरांकडे जा. घरच्यांना सांगा. औषध घेतल्याने श्रद्धा कमी होत नाही. आणि वर्षानुवर्षे रुग्णसेवा करणाऱ्याला थकवा हा एक रोगच जडू शकतो, हे त्याच्या भोवतालच्यांनी आधी ओळखले पाहिजे.

फळझाडाविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती फळे वाटणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे ज्यांच्या साधनेला बहर आलेला सर्वांना दिसतो त्यांच्यासाठी. डेलिशियस सफरचंदाचे एकटे झाड कितीही फुलले तरी नीट फळत नाही. स्वतःच्या परागाने त्याचे फळ धरत नाही. जवळपास वेगळ्या जातीचे झाड लागते, बहुधा गोल्डन डेलिशियस, आणि दोहोंमध्ये ये-जा करायला मधमाश्या लागतात. चैत्रात हिमाचलातील बागांमधून मधपेट्या भाड्याने आणून ठेवतात त्या मधासाठी नव्हे, तर फळासाठी. म्हणजे टोपलीतले प्रत्येक लाल फळ हे शेजारच्या दुसऱ्या झाडाचे आणि कोणा अनाम माशीचेही आहे. आणि एवढे सारे जमून आले तरी वैशाखात एका दुपारी गारपीट होते, पंधरा मिनिटांत वर्षाचे उत्पन्न जमिनीवर येते. जाळ्या लावाव्यात, काळजी घ्यावी, पण बागायतदार मनाशी जाणून असतो की फळ पूर्णपणे आपल्या हाती नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कर्म आणि फळ यांविषयी जे सांगितले आहे ते आपण पाठ म्हणतो, तो मात्र दरवर्षी ते झेलतो.

हिमाचलात ही लाल सफरचंदे ज्यांच्यामुळे रुजली ते सॅम्युएल स्टोक्स यांची येथे आठवण करू. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे 1882 मध्ये जन्मलेला हा तरुण 1904 मध्ये कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठी भारतात आला आणि सिमल्याच्या पलीकडे कोटगढ परिसरात स्थायिक झाला. 1916च्या सुमारास त्यांनी ठाणेधारला डेलिशियसची रोपे लावली आणि डोंगरातील लोकांना ती लावायला शिकवले. बेगारीविरुद्ध ते पहाडी लोकांच्या बाजूने उभे राहिले, स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगात गेले. 1932 मध्ये त्यांनी हिंदू धर्म स्वीकारला आणि सत्यानंद हे नाव घेतले. ठाणेधारला त्यांनी बांधलेल्या मंदिरात उपनिषदांतील आणि गीतेतील वचने कोरलेली आहेत. आज त्या डोंगरात घरोघरी सफरचंद आहे, शाळा आहेत, पक्की घरे आहेत. एका माणसाच्या हातून किती फळ यावे! कर्मयोग फुलाफळाला येतो तेव्हा असा येतो. त्याचे कौतुक करताना हात आखडता घेण्याचे कारण नाही.

ज्याला फळ नाही त्याला पार्वतीने वाढवले

आता देवदाराकडे येऊ.

‘रघुवंशा’च्या दुसऱ्या सर्गात कालिदासाने एक प्रसंग सांगितला आहे. राजा दिलीप वसिष्ठांच्या नंदिनी गायीची सेवा करत हिमालयात फिरतो आहे. एका गुहेपाशी सिंह गायीवर झडप घालतो. राजा बाण काढू जातो तर हात तेथेच जखडतो. मग सिंह मनुष्यवाणीने बोलतो. मी शिवाचा सेवक, तो समोर देवदार दिसतो ना, त्याच्या राखणीला येथे बसलो आहे. त्या देवदाराला शिवाने पुत्र मानले आहे आणि पार्वतीने त्याला मातेच्या मायेने पाणी घालून वाढवले आहे. एकदा एका रानटी हत्तीने गंडस्थळ घासले आणि झाडाची साल निघाली, तर पार्वतीला जणू कार्तिकेयाच्या अंगावर जखम झाल्यासारखे दुःख झाले.

हिमालयात फुलझाडे काय कमी होती? पार्वतीने पुत्र म्हणून वाढवला तो देवदार. त्याच्याकडून तिला एक फूल, एक फळ मिळणार नव्हते. ‘कुमारसंभवा’त तर हा भेद अगदी समोरासमोर येतो. मदनाच्या मदतीला अवेळी वसंत येतो, आंब्याच्या मोहोराचा बाण तयार होतो, सारे वन फुलते. आणि त्या बहराच्या मधोमध शिव डोळे मिटून बसले आहेत ते देवदाराखालच्या ओट्यावर. फुलणारे झाड वाईट आणि देवदार चांगला, असा अर्थ यातून कोणी काढू नये. आंब्याचा मोहोर देवाच्या पूजेतही चालतो. पण मन जेव्हा डोलू लागते तेव्हा बसायला जागा कोणती, हे कवीने बरोबर ओळखले आहे.

देवदार बारमाही हिरवा असतो याचा अर्थ त्याची पाने गळत नाहीत असा आपण करतो. तसे नाही. कोणत्याही देवदाराखाली जाऊन बघा, वाळक्या सुयांचा थर पायाखाली असतो. एकेक सुई काही वर्षे झाडावर राहते, मग गळते आणि तोवर नवी आलेली असते. सफरचंद वर्षातून एकदा सर्व टाकून उघडे होते, ते सगळ्यांना दिसते. देवदार रोज थोडे टाकतो आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. पाहणाऱ्याला वाटते, याचे काही जातच नाही.

आता त्या भगिनींकडे पुन्हा पाहा. पहाटेची झोप गेली, ही एक सुई. आवडीचे भजन म्हणायला जमले नाही, दुसरी. मैत्रिणीकडील लग्नाला जाता आले नाही. रुग्ण चिडून बोलला आणि त्या उलट बोलल्या नाहीत. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण कोणी पाहिलेच नाही. त्यागावर आपण शिबिरांतून तासन् तास बोलतो. तो त्याग येथे दररोज, न बोलता, पायाशी साचतो आहे. आणि झाड मात्र हिरवे आहे, कारण त्या घरात रुग्णाला अजून वेळेवर भरवले जाते, अजून कोणी त्याच्याशी मऊपणाने बोलते. फळ फांदीवर शोधायची सवय लागल्यामुळे त्यांना ते दिसले नाही, इतकेच.

देवदाराचा उपयोग कळायला वेळ लागतो. त्याच्या लाकडात तेल असते, ते सहजी कुजत नाही, कीड लागत नाही. मनालीजवळ ढुंगरीच्या देवदार वनात हिडिंबा देवीचे लाकडी मंदिर आहे. ते राजा बहादूर सिंहाने 1553 मध्ये बांधले. इतकी वर्षे बर्फ आणि पाऊस झेलून ते उभे आहे. आणि हिमालय लांब वाटत असेल तर आपल्या आजीला विचारा. बाळंतिणीला जो देवदार्व्यादि काढा देतात त्यात हाच देवदार असतो. महाराष्ट्रातील कितीतरी आयांच्या अंगात हे झाड गेले आहे, त्यांनी ते कधी डोळ्यांनी पाहिलेले नाही.

जाता जाता एक गंमत. कोकणच्या किनाऱ्यावरचे सुरू पाहून अनेकांना ते पाइन-देवदाराच्या कुळातले वाटते. ते तसे नाही. सुरूच्या ज्या सुया दिसतात त्या पाने नसून बारीक डहाळ्या असतात, खरी पाने अगदी सूक्ष्म असतात, आणि सुरू हे फुलणाऱ्या झाडांपैकीच आहे. तेव्हा अमुक साधक कोणत्या जातीचा, हे बाहेरून पाहून ठरवण्याची घाई आपण करू नये. सत्संगात गप्प बसणारा प्रत्येकजण अंतर्मुख असतो असे नाही, आणि मंचावर बोलणारा प्रत्येकजण बहिर्मुखही नसतो.

आपल्या केंद्राची नोंदवही

हे सर्व व्यक्तीपुरते झाले. परंतु त्या भगिनींना ‘माझे झाड वाळले’ असे का वाटले, याचा थोडा विचार आपण केंद्र म्हणूनही केला पाहिजे. आपल्या नोंदवहीत काय लिहितो? शिबिरे किती, उपस्थिती किती, नवे साधक किती, रोपे किती लावली. हे लिहिणे आवश्यक आहे, त्याशिवाय कार्य चालत नाही. पण या सर्व फळझाडाच्या नोंदी आहेत. सहा वर्षे एका माणसाला कुशीवर वळवणाऱ्या हातांची नोंद कोणत्या रकान्यात येईल? ज्याला रकाना नाही ते हळूहळू आपल्याला दिसेनासे होते. मग गैरहजर राहणाऱ्या साधकाविषयी ‘त्यांची ओढ कमी झाली’ असे कोणीतरी सहज म्हणून जाते, आणि ते वाक्य त्या घरापर्यंत पोहोचते.

देवदाराच्या छाटणीचाही येथे विचार करण्यासारखा आहे. सफरचंदाची छाटणी दर हिवाळ्यात करतात, मध्ये ऊन-वारा खेळावा म्हणून फांद्या काढतात आणि झाड त्याने सुधारते. तोच नियम देवदाराला लावून त्याचा शेंडा छाटला तर त्याची सरळ वाढ बिघडते, डौल जातो. जे एकाला हितकर ते दुसऱ्याला घातक. एखाद्या बोलक्या, उत्साही कार्यकर्त्याला ‘थोडे कमी करा, आत वळा’ असे सांगणे योग्य असते. तेच वाक्य ज्याच्याजवळ पहाटेची वीस मिनिटेच उरली आहेत त्याला सांगून कसे चालेल? आणि ‘घराबाहेर पडा, सेवेत या’ हे त्याला सांगणे तर त्याहून कठीण.

आता बागेचे उत्तर. अंगण लहान असेल तर फळझाडच लावा. देवदार पन्नास मीटरपर्यंत वाढू शकतो. भिंतीला लागून त्याला लावणे ना घराच्या हिताचे, ना त्याच्या. सफरचंदाचे कलम पानगळीच्या काळात, डिसेंबर ते फेब्रुवारी, झाड निद्रिस्त असताना लावतात, आणि एक लावून भागत नाही, परागासाठी दुसरी जात शेजाऱ्याच्या अंगणात तरी असावी. जमीन मोठी असेल तर देवदार पावसाळ्यात लावा आणि उत्तरेच्या बांधावर लावा. सूर्य दक्षिणेकडून कललेला असतो, त्यामुळे सावली बाहेर पडते, फळझाडांचे ऊन अडत नाही, आणि उत्तरेचा गार वारा देवदार अंगावर घेतो. पुण्या-नाशिकच्या साधकांनी देवदाराचा हट्ट धरू नये, तेथील उन्हाळा त्याला सोसत नाही. तेथे आंब्याचे कलम लावावे. आंबा एक वर्ष भरभरून येतो आणि दुसऱ्या वर्षी विसावा घेतो, त्या वर्षी त्याच्याकडे रागाने पाहू नये.

आणि केंद्रासाठी एक विनंती. बहराला मधमाश्या आपोआप येतात. देवदाराचा पराग मात्र वाऱ्याने जातो, त्याच्याकडे कोणी येत नाही. पुढच्या महिन्यातील एक सत्संग त्या भगिनींच्या घरी घ्यावा. वेळ त्यांना विचारून ठरवावी, औषधांच्या आणि रुग्णाच्या झोपेच्या वेळा सांभाळून. चहा-फराळ सोबत नेऊ, त्यांच्या स्वयंपाकघरावर भार नको. प्रवचन नको. भजने त्यांच्या आवडीची म्हणू, हळू आवाजात, पती असतील त्याच खोलीत. दोघा बंधूंनी रुग्णाला वळवण्याची पद्धत त्यांच्याकडून शिकून घ्यावी, म्हणजे आठवड्यातून एक रात्र त्यांना सलग झोप मिळेल.